भारमान वाढले, पण थांब्यावर कोण राहिले?

धारूर तालुक्यातील तेलगाव हे चौफुलीचे गाव. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. साखर कारखानाही इथलाच. नकाशा पाहिला तर दळणवळणाची सोय उत्तम! पण सोय नकाशावरून मोजायची की प्रवाशावरून?

एसटीचे काम मोजताना भारमान, दर किलोमीटरमागे उत्पन्न, गाड्यांचा वापर असे आकडे पाहिले जातात. भारमान म्हणजे एकूण आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण. मेख इथेच आहे. समजा, एका मार्गावर दिवसाला चार फेऱ्या आहेत आणि प्रत्येक गाडी निम्मी भरते. त्यातल्या दोन फेऱ्या रद्द केल्या आणि तेच प्रवासी उरलेल्या दोन गाड्यांत कोंबले, तर भारमान ५० वरून थेट १०० टक्के होते. कागदावर कामगिरी सुधारली! पण सकाळची फेरी गेली म्हणून जिचा तास बुडाला, ती विद्यार्थिनी कोणत्याच रकान्यात सापडत नाही.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे. निर्णय चांगलेच आहेत. मात्र गाडी आली तरच सवलत मिळते. ती आली नाही, तर काळी-पिवळीला पूर्ण भाडे मोजावे लागते. म्हणजे फेरी रद्द होते तेव्हा गरिबाची सवलतही रद्द होते.

रेल्वेचेही तसेच. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. रूळ किती टाकले हे सांगितले जाते, पण तीस वर्षांच्या विलंबाची किंमत कोणी मोजत नाही.

या मोजमापातली खोट बाबासाहेबांनी लहानपणीच अनुभवली होती. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले बाबासाहेब आणि सोबतची मुले मसूर स्थानकावर उतरली. रेल्वेच्या हिशेबी त्यांचा प्रवास तिथे पूर्ण झाला. पण जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. वाहन होते, रस्ता होता. वाट मात्र सर्वांसाठी सारखी नव्हती.

म्हणून तरुणांनी आपले मोजमाप आपणच सुरू करावे. माहिती अधिकार कायदा, २००५ वापरून आगाराकडे मागील वर्षातील नियोजित, प्रत्यक्ष धावलेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्या महिन्यानुसार मागवा. थांब्यावर महिनाभर वही ठेवा : गाडी किती वाजता आली, न थांबता गेली का, किती जण मागे राहिले, वस्तीपासून थांबा किती लांब आहे. ही नोंद ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या आणि तो विभाग नियंत्रकांकडे पाठवा.

तक्रार फेटाळणे सोपे असते. तारीखवार नोंदीला मात्र उत्तर द्यावे लागते.