सीमेवरच्या माणसाची सही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर, तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक बोर्ड
मा. नोंदणी महानिरीक्षक, पुणे
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य



नवरा सैन्यात असलेल्या बाईचं कसं चाललंय, हे विचारायला लोक दोनदाच येतात. एक तो सुट्टीवर आला की, आणि दुसरं सीमेवर काही घडल्याची बातमी टीव्हीवर लागली की. मधले सगळे महिने घर, शेत, जनावरं, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधं तीच बघत असते. त्या महिन्यांबद्दल, आणि त्यात पावलोपावली अडणाऱ्या एका सहीबद्दल हे पत्र आहे.

मी गडमुडशिंगीची सून. हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहेत. लग्नानंतर पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब बरोबर नेता येतं अशी नेमणूक, होतं तोवर मी यांच्याबरोबर पंजाबातल्या एका छावणीत क्वार्टरमध्ये राहिले. मुलूख परका, भाजीवाल्याची भाषा परकी, थंडी तर अशी की मुलीला आंघोळ घालायची भीती वाटायची. पण शेजारच्या क्वार्टरमध्ये साताऱ्याची वहिनी होती, समोर बेळगावची. पलटणीचा गणपती बसायचा, संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. हे ड्युटीवर दूर गेले तरी दवाखान्याची गाडी, शाळेचा फॉर्म, रेशन यांतलं काही अडायचं नाही. कंपनीतलं कुणी ना कुणी दारात येऊन विचारायचं, ‘भाभीजी, काही काम आहे का?’ तिथे माझी ओळख यांच्या आर्मी नंबरवरच होती, मला तो नंबर पाठ होता, आणि तेवढ्यावर काम व्हायचं.

मग पलटण फील्डला, म्हणजे सीमेवर गेली. फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणून मुलीला घेऊन मी गावी आले. आपल्या गावी, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत आल्यावर सगळं सोपं होईल, असं मला वाटलं होतं. घरात ते झालंही. सरकारी टेबलासमोर मात्र मी छावणीत होते त्याहून परकी ठरले.

माझा दिवस म्हशींच्या धारांनी सुरू होतो. डेअरीत दूध घालायचं, मुलीचा डबा करायचा, मामंजींना बीपीची गोळी द्यायची. उसाला पाण्याची पाळी असेल तर मोटर चालू करायला जायचं, आणि थ्री फेज लाइट रात्री असेल तर बॅटरी घेऊन रात्री जायचं. भांगलणीला बायका सांगायच्या, त्यांची मजुरी द्यायची, खताची पोती उतरवून घ्यायची. यातलं कुठलंच काम मला जड वाटत नाही. माझ्या आईनं हेच केलं आणि सासूबाईंनीही हेच केलं.

जड जातं ते पुढचं. पीककर्जाचं नवंजुनं करायचं, तर खातं यांच्या नावावर. कसलीही ऑनलाइन नोंद करायची, तर ओटीपी यांच्या मोबाइलवर जातो, आणि हे जिथे आहेत तिथे मोबाइलला रेंज नसते. कधीतरी रात्री फोन लागतो, तोही मुलीचा आवाज ऐकवेपर्यंत कट होतो. तेवढ्या वेळात मी त्यांना ‘ओटीपी बघा’ म्हणायचं, की ‘जेवलात का’ विचारायचं? एका कार्यालयात मी कागद पुढे केले तेव्हा तिथले भाऊ चांगल्या मनानं म्हणाले, ‘वैनी, तुमचं खरं हाय, पर सही त्यांचीच लागतीया. रजेवर आलं की घेऊन या की.’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर जो नियम होता तो त्यांनी सांगितला. म्हणून तर हे पत्र त्यांना न लिहिता नियम करणाऱ्यांना लिहिते आहे.

रजा म्हणजे काय असते, हेही सांगते. प्रवासाचे दिवस धरून हातात येतात ते थोडे आठवडे. त्यात कुणाचं लग्न, कुणाचा बारावा, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, घराची गळती. मुलगी पहिले दोन-तीन दिवस बाबांना बुजते, मग त्यांची पाठ सोडत नाही. आणि हे सकाळी उठून फाइल घेऊन रांगेत उभे. साहेब रजेवर, सर्व्हर डाऊन, उद्या या. देशानं जवानाला घरच्यांसाठी दिलेली रजा अशी चावडी आणि तहसीलमध्ये सरते. हे फक्त माझ्या घरचं नाही. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी ही गावं तर सैनिकांच्या नावानंच ओळखली जातात. तिथल्या बायकांना विचारा.

यावर सगळे एकच उपाय सांगतात, ‘कुलमुखत्यारपत्र करून घ्या.’ मीही तेच धरून बसले होते. मग कायदा वाचला. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम ३३ प्रमाणे, दस्त नोंदणीला द्यायचं मुखत्यारपत्र चालायचं असेल, तर देणारा माणूस देशात जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर त्याला ते करावं लागतं. तो परदेशात राहत असेल तर नोटरी, न्यायाधीश किंवा आपल्या वकिलातीतला अधिकारी चालतो. जो आजारपणामुळे येऊ शकत नाही, त्याला हजर राहण्यापासून सूट आहे. जो तुरुंगात आहे, त्यालाही सूट आहे. बर्फातल्या चौकीवर उभ्या असलेल्या जवानाचं नाव मात्र त्या यादीत नाही.

म्हणजे यांची पलटण उद्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेली, तर तिथून कागद करण्याची वाट कायद्यानं दाखवली आहे. देशाच्याच सीमेवर असताना मात्र चौकी सोडून खाली जिल्ह्याच्या गावी उतरायचं, निबंधकाचं कार्यालय शोधायचं, ओळखपटीला माणूस न्यायचा. कोणता कमांडर एवढ्यासाठी माणूस सोडेल? त्यानं सोडूही नये.

आणि तोड काढायला फार लांब जावं लागत नाही. १९६९ च्या शपथ कायद्यानं लष्करी तळाच्या कमांडिंग ऑफिसरला, त्याच्या तळाच्या हद्दीत शपथ देण्याचा अधिकार दिलेला आहे. ज्या अधिकाऱ्यासमोर घेतलेली शपथ कायदा खरी मानतो, त्याच्यासमोर केलेलं मुखत्यारपत्र का मानू नये? ‘हा माणूस माझ्या पलटणीतला आहे, याने माझ्यासमोर सही केली,’ हे सांगायला त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा कुठे मिळणार? नोंदणी कायद्यात महाराष्ट्रानं आजवर स्वतःच्या दुरुस्त्या केलेल्या आहेत. ही एक ओळीची दुरुस्तीही करता येईल.

आमच्या गावाजवळच एक जागा आहे, तिची आठवण इथे करून देते, कारण तुम्ही सगळे अधूनमधून तिथे जाता. गांधीनगरला लागून वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना १९४० पासून घरांतून उचलून सैबेरियात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानात आली. त्यांच्यातली लढण्याच्या वयाची पुरुषमाणसं जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात गेली होती, आणि ते सैन्य १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोला लढलं. त्याच वर्षी, त्याच इटलीत, १० जुलैला मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाच रणभूमीवरच्या पत्रांची वाट वळिवड्याच्या बराकीत पोलिश बाई बघत होती आणि आपल्या गावागावांत मराठी बाई बघत होती.

मी वळिवड्याविषयी जे वाचलं आणि जुन्या माणसांकडून ऐकलं, त्यात मला सर्वांत मोठी वाटली ती तिथली व्यवस्था. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची, मुलांची स्काउट पथकं होती. नवरा कुठल्या आघाडीवर आहे हे ठाऊक नसलेल्या परक्या मुलखातल्या तरुण बाईला आपलं काम घेऊन जायला छावणीत एक कचेरी होती. ‘तुझा नवरा आला की ये,’ असं तिला सांगून चाललं नसतं, कारण तो येणारच नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्या निर्वासितांतले काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले. बाकीचे गेले, पण कोल्हापूरला विसरले नाहीत. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुलं वाहिली. तो दिवस मी टीव्हीवर पाहिला. खरंच अभिमान वाटला. दुसऱ्या देशाच्या सैनिकांच्या बायका या मातीनं सांभाळल्या, हे जगाला आपण सांगतो. मग त्याच मातीतल्या सैनिकाच्या बायकोनं तेवढीच एक कचेरी मागितली, तर ते जास्त होतं का?

आता जमिनीचं. हे मी मुद्दाम लांबवून लिहिते, कारण आमच्याकडे तेच सर्वांत नाजूक आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्तारासाठी आमच्या गावची जमीन गेली. बाजूला गांधीनगरची बाजारपेठ फुगते आहे, त्यामुळे प्रत्येक गुंठ्यावर कुणाचा ना कुणाचा डोळा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला साठ दिवस. भावाभावांत वाटणी करायची तर सगळ्या खातेदारांची संमती. चौकीवरच्या माणसाला पंधरा दिवसांत चिठ्ठी पोचेल याचीही खात्री नसते. गावात कुणी वाईट वागेल असं माझं म्हणणं नाही, पण सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस दूर असला की त्याच्या बांधाची काळजी त्याच्या मागे राहिलेल्या बाईलाच लागते, आणि तिला बोलायचा हक्क आहे की नाही, हे दर वेळी नव्यानं ठरतं.

जिल्हाधिकारी साहेब, इथे कायदा तुमच्या हातात आहे. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, सन १९२५. शंभर वर्षं झाली त्याला. युद्धाच्या परिस्थितीत, परदेशात किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या ठिकाणी नोकरीवर असलेला जवान दिवाणी किंवा महसुली न्यायालयातल्या प्रकरणात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी स्वतः तसा दाखला न्यायालयाला देऊ शकतात, आणि मग प्रकरण थांबवता येतं. जवानानं अर्ज करेपर्यंत थांबायचीही गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांना तसं मानायला कारण असलं की पुरे. मी हा कायदा यांच्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांकडून ऐकला. गावात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या कुणाला तो ठाऊक नव्हता.

काहीच होत नाही, असंही नाही. २०२२ साली राज्यात अमृत जवान अभियान झालं. जवानांच्या कुटुंबांची अडलेली कामं शोधून हातावेगळी करायची, ही त्यामागची कल्पना फार चांगली होती. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक बोर्डांत कायद्याचा सल्ला देणारी केंद्रं त्यात आहेत. याबद्दल मनापासून आभार. पण अभियानाला शेवटची तारीख असते. आमच्या माणसांच्या पोस्टिंगला तशी तारीख नसते, एक संपलं की दुसरं असतंच.

अजून एक बारीक वाटणारी गोष्ट. लग्नानंतर पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते आणि बायकोचं नाव यांच्या सर्व्हिस रेकॉर्डला चढतं. आमच्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. आधारवर एक, रेकॉर्डला दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बाई एकच आहे हे सगळ्यांना दिसत असतं, तरी प्रत्येक कार्यालय स्वतःचं वेगळं प्रतिज्ञापत्र मागतं. एकदा केलेलं प्रतिज्ञापत्र जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांनी मानावं, एवढा आदेश काढायला काय लागतं?

कायद्यातली दुरुस्ती मुंबईत होईल, तिला वेळ लागेल हे मला समजतं. महसूल मंत्री साहेब, ती येत्या अधिवेशनात मांडा, एवढंच तुम्हाला सांगणं. नोंदणी महानिरीक्षक साहेब, तोवर रजेवर आलेल्या जवानाला कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच दिवशी आधी घ्या. रजेचा कागद आणि ओळखपत्र दाखवलं की पुरे. आणि जिल्हाधिकारी साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. प्रत्येक तहसील कचेरीत आठवड्यातला एक ठरलेला वार सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांसाठी ठेवा, तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस बसू दे. आणि जो खातेदार सैन्यात असल्याची नोंद गावाकडे आहे, त्याच्या जमिनीची कुठलीही नोटीस निघाली की ती त्याच्या घरी बायकोच्या हातात पोचती करा आणि एक प्रत त्याच्या युनिटला पाठवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, तुमच्या सहीचं एक परिपत्रक लागतं.

परिपत्रक निघालं तर त्याची प्रत आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. गावात माझ्यासारख्या ज्या आहेत त्यांना मी वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एका जवानाची पत्नी
गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर