पिचर हवेत तीन, आहेत दीड

‘बीडमध्ये बेसबॉल?’ असं म्हणून तुम्ही हसला असाल तर हरकत नाही, मीही हसले होते. कॉलेजांच्या स्पर्धा तोंडावर आल्यात, कोणत्या टीमवर लिहिणार, असं डेस्कवरच्या सरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात खो-खो होतं. तिथे आपल्याकडे सांगण्यासारखं आहेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या केज तालुक्यातली. पण खो-खोवर सगळेच लिहितात. म्हणून चार दिवस सकाळी साडेसहाला बेसबॉलच्या सरावाला जाऊन बसले. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. समोरच्या टीमची पोरंही ही पुरवणी वाचतात.

स्पर्धा आंतरमहाविद्यालयीन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. इथे जो चमकेल त्याला विद्यापीठाच्या संघाचं दार उघडतं आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही, वरच्या पातळीवरचं लागतं. त्यामुळे ही पोरं पहाटे उठून येतात ती नुसती हौस म्हणून नाही.

या टीमचं बलस्थान काय? एका वाक्यात सांगायचं तर पाय आणि खांदे. जवळपास सगळे आधी क्रिकेट खेळलेले. त्यात नवल काही नाही. बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक सचिन तयार होतोय. दोघे-तिघे खो-खोतून आलेत आणि ते बेसवर पळताना बघाच. एका बेसपासून दुसरा बेस ९० फूट म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. पिचरचं लक्ष जरा इकडेतिकडे झालं की पुढचा बेस चोरायचा असतो. उभ्या जागेवरून सुटायचं, मध्येच दिशा बदलायची, अंग टाकायचं, हे खो-खोवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच की मैदान मुरमाचं आहे. स्लाइड मारली की मांडी सोलते. ‘ताई, हा फोटो छापू नका, आई बघेल,’ असं एकाने गुडघा दाखवत सांगितलं.

क्रिकेटचा फायदा जितका होतो तितकाच तोटाही होतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उघडतं, नव्वद अंशांत. त्याबाहेर गेलेला चेंडू फाऊल. म्हणजे कट, ग्लान्स, स्कूप, ज्या फटक्यांवर गल्लीत टाळ्या पडतात ते सगळे इथे वाया. पहिले दोन फाऊल तर स्ट्राइक म्हणून मोजले जातात. या टीमचे सलामीचे दोघे अजून मनगटाने चेंडू मागे वळवतात. सरळ, आडव्या बॅटने मारणारे चौघे आहेत, त्यांना वर खेळवलं तर रन निघतील. फिल्डिंगमध्येही तेच. सीमारेषेवरून थेट विकेटकीपरकडे फेकायची सवय असल्यामुळे मध्ये उभ्या राहिलेल्या कटऑफच्या खेळाडूला कुणी चेंडूच देत नाही. लांब फेक दिसायला भारी, पण ती डोक्यावरून गेली की पळणाऱ्याला एक बेस फुकट मिळतो. सरावात हे तीनदा झालं. कोचसर तिन्ही वेळा एकच शब्द बोलले, तो छापता येत नाही.

पण हे सगळं सुधारण्यासारखं आहे. खरा प्रश्न मधोमध उभा आहे, पिचर.

बेसबॉलमध्ये पिचर १८.४४ मीटरवरून फेकतो. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची, म्हणजे इथे फलंदाज आणखी जवळ. चेंडूही क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. त्यामुळे वाटतं, ज्याचा थ्रो चांगला तो पिचर. तसं नसतं. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या शोमधून रिंकू सिंग (आयपीएलवाला नव्हे) आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले, पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्धही केलं. मेजर लीगमध्ये मात्र दोघांपैकी कुणीच खेळलं नाही. वेग खांद्यात असतो. तोच चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीत पुन्हा पुन्हा घालायला वर्षं लागतात. चौकट चुकवून चार बॉल टाकले की समोरचा बॅट न हलवता पहिल्या बेसवर चालत जातो.

या टीमचा पहिला पिचर उत्तम आहे, हे मोकळेपणाने लिहिते. त्याचा वेग मध्यम, पण चौकट सापडते, आणि बेसवरच्या खेळाडूकडे बघून न बघितल्यासारखं करणं त्याला जमतं. प्रश्न असा की स्पर्धेत सामने लागोपाठ असतात आणि हात एकच. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पहिल्या फेरीत एका पिचरला एका सामन्यात ६५च्या पुढे चेंडू टाकू देत नाहीत आणि ५० किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी सक्तीची. हे जगातल्या सर्वांत तयार हातांसाठी. २०२३ च्या फायनलमध्ये जपानने अमेरिकेला ३-२ ने हरवलं, तेव्हा शेवटचा चेंडू ओहतानीने टाकला म्हणून रील फिरलं. पण त्या नऊ इनिंग्जमध्ये जपानने सात पिचर वापरले होते. ओहतानी सातवा.

इथे दुसरा पिचर आहे. डावखुरा, उंच, आणि बेफाम. त्याचे दहा चेंडू बघितले तर चार हात न लावण्यासारखे सुंदर आणि दोन कॅचरच्या डोक्यावरून. त्यात सपाट जमिनीवर सराव. नियमाप्रमाणे पिचरचा उंचवटा दहा इंचांचा, इथे मातीत एक पट्टी ठोकलेली. स्पर्धेत खरा उंचवटा मिळाला की पुढचा पाय टेकायला क्षणभर जास्त लागेल आणि आधीच वर जाणारा चेंडू आणखी वर जाईल. दोन ट्रॉली माती आणि एक पाणी मारायचा पाईप, एवढ्यात हे काम भागेल. अजून कुणी केलेलं नाही.

मात्र त्याची खरी अडचण उंचवट्याची नाही. दसरा झाला, गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्यात. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. दरवर्षी आई-वडील जोडीने जातात, ज्याला आपण एक कोयता म्हणतो. यंदा आईची कंबर धरलीय. वडील एकटे गेले तर अर्धा कोयता, हिशेबही अर्धा, उचल फिटायची कशी? म्हणून जोडी पूर्ण करायला हा जाणार, असं घरात चाललंय. कारखान्यांचा हंगाम आणि विद्यापीठाच्या स्पर्धा दरवर्षी एकाच वेळी येतात. बीडमध्ये हे कुणाला नवीन नाही, तरी संघाची यादी करताना कागदावर त्यासाठी रकाना नसतो. मी त्याला विचारलं, तुझं काय ठरलं? तो म्हणाला, ‘सामना असेल तेव्हा येतो की. रात्रीची एसटी हाय.’ कर्नाटकाच्या हद्दीवरून.

कोचसरांनी तिसरा म्हणून कॅचरलाच तयार करायला घेतलंय. मला हे पटत नाही. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसवर जवळपास ३९ मीटर अचूक फेकणारा टीममध्ये तो एकटा आहे. त्याला पुढे आणलं तर मागे खिंडार पडणार आणि समोरचे बेस चोरत सुटणार. त्यापेक्षा सेंटर फिल्डला जो शांत मुलगा उभा असतो त्याला द्यावं. त्याच्याकडे वेग नाही, पण सरावात कटऑफला नेमका छातीवर चेंडू देणारा तोच होता.

माझा अंदाज विचाराल तर पहिला सामना हे जिंकतील, आरामात. दुसराही, पहिल्या पिचरला सहाव्या इनिंगच्या आत बाहेर काढलं तर. त्यानंतरचं डावखुऱ्यावर आहे. यादी सोमवारी विद्यापीठात जाते आणि मुकादमाची गाडी शनिवारी गावात येणार आहे. काल सकाळी तो सरावाला आला होता, सगळ्यांच्या आधी. माती टाकायची तर कुठून आणायची, हे तो माळ्याला विचारत होता.