दुभाष्याच्या शोधात

गेला आठवडा मी एका केबलपायी घालवला. 'या वयात काय हे खूळ?' असे घरात दोनदा ऐकून झाले आहे. तरी लिहिते, कारण मला यावर थोडे भांडायचे आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून माझी नात इथे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, महिनाभर राहायला आली होती. तिच्याजवळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर होता. आपल्या बोर्डाच्या मुलांना दहावीच्या परीक्षेत साधा कॅल्क्युलेटरही नेता येत नाही. बारावीला लॉग टेबल, तेवढीच चैन! तिकडे कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेच्या काही भागांत हे यंत्र लागायचेच. मी ३४ वर्षे फळ्यावर खडूने अन्वस्त काढले, आणि दरवर्षी एक तरी मुलगा त्याचा शिरोबिंदू भाल्याच्या टोकासारखा अणकुचीदार काढायचाच. नातीने एक्सचा वर्ग दाबला आणि ९६ बाय ६४ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर ते वळण आपोआप सरकत आले. खरे सांगते, हेवा वाटला.

त्या महिन्यात तिने त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. नाव 'आजी', अर्थात रोमन अक्षरांत. (नावाला आठच अक्षरे चालतात, म्हणून 'आजीची शिकवणी' बसले नाही.) वर्गसमीकरणाचे तीन सहगुणक द्यायचे, की तो मधल्या पदाची फोड करून दाखवायचा. मी तिला सूत्र वापरूच देत नव्हते ना! पूर्णांकांत फोड होत नसेल तरच पडद्यावर यायचे, 'सूत्र वापरा'. पुढे तिला नवा कॅल्क्युलेटर मिळाला आणि हा माझ्याकडे राहिला.

आता गोची अशी, की प्रोग्रॅम मुद्दाम 'अर्काइव्ह'मध्ये टाकला नसेल तर तो साध्या स्मृतीत राहतो आणि ती सेलवर जगते. चार बारीक सेल आणि एक बटणासारखा बॅकअप सेल, दोन्ही संपले की सगळे पुसले. मी वर्षातून एकदा नेमाने सेल बदलत असे. मध्ये आजारपणात राहून गेले, सेल पाझरले, हिरवट बुरशीसारखे काहीतरी जमले. कसाबसा चालू झाला, पण पडद्यावरच्या अर्ध्या उभ्या रेघा गायब, त्यामुळे वाचून उतरवून घेणेही शक्य नव्हते. उरली केबल.

केबल कपाटात होती, सोबतची सीडीही. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, म्हणून माळ्यावरचा विंडोज एक्सपीवाला जुना संगणक खाली काढला. आणि मी घाईत तेच केले जे सूचनापत्रात करू नका म्हणून लिहिले होते. आधी केबल खुपसली, मग सीडी घातली. झाले! संगणकाने त्या केबलला 'अनोळखी' ठरवून पिवळे उद्गारचिन्ह लावून टाकले. वर्गात 'प्रश्न आधी नीट वाचा' म्हणून ओरडणारी मीच.

ड्रायव्हर म्हणजे इथे गाडी हाकणारा नव्हे, दुभाषा. कॅल्क्युलेटरची बोली फार साधी आहे. दोन तारा. एक खाली ओढली की शून्य, दुसरी ओढली की एक, आणि ऐकणारा उरलेली तार ओढून 'पोचले' म्हणतो. एकेक आकडा असा हुंकार घेत जातो, पाढे म्हणून घेतल्यासारखा. पण संगणकाला यूएसबीची भाषा कळते, म्हणून मध्ये दुभाषा हवा. ते चिन्ह काढून टाकले, केबल उपसली, आधी सीडी, मग केबल. तरी 'एरर'! शेवटी कळले की कॅल्क्युलेटरच्या बाजूची पिन पूर्ण आत गेलीच नव्हती. जोर लावून ढकलली, 'टक्' आवाज आला आणि चारशे बाइटसुद्धा नसलेली फाइल क्षणात संगणकावर.

आता भांडण. जावई म्हणतात, 'आई, फोनवर जिओजेब्रा, डेस्मॉस फुकट आहे, कशाला तो डबा?' आलेखापुरते मान्य. पण त्या डब्यात आमचे जे होते ते डेस्मॉसवर कुठे आहे? यंत्र जिवंत, केबल धड, आणि मधला दुभाषा सीडीवर. सीडीला ओरखडा पडला असता तर? माझे म्हणणे एवढेच, की वस्तू विकणाऱ्याने तिची बोली जगजाहीर करून ठेवावी. ड्रायव्हर कधी ना कधी निवृत्त होणारच, पण व्याकरण छापलेले असेल तर दुसरा कोणी तयार होतो. याच कॅल्क्युलेटरांसाठी हौशी लोकांनी 'टीआयएलपी' नावाचा खुला प्रोग्रॅम लिहिला, तो लिनक्सवरही चालतो. ती बोली त्यांनी स्वतः उकलून काढली.

केबलीतून आत काय जाऊ द्यायचे यावरही कंपनीचे कुलूप होते. यंत्राची मूळ प्रणाली बदलायची तर कंपनीची गुप्त किल्ली लागे. २००९ मध्ये एका हौशी माणसाने साध्या संगणकावर काही महिने घालवून त्या दीडशेहून अधिक अंकी संख्येचे अवयव पाडले. अवयव! आपण आठवीत शिकवतो तेच. कंपनीने ती किल्ली छापणाऱ्या ब्लॉगवाल्यांना कायदेशीर नोटिसा धाडल्या आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था ब्लॉगवाल्यांच्या बाजूने उभी राहिली. कंपनीला गुपिते राखायचा हक्क असेल, नाही म्हणत नाही. पण मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूशी मी काय बोलावे हे कंपनीने ठरवायचे, हे मला पटत नाही.

असो. ती फाइल उघडायलाही खास प्रोग्रॅम लागतो. ती नातीला मेल केली, तिने तिकडे उघडून साधा मजकूर करून पाठवला. तो मी दोनरेघी वहीत उतरवून काढला आहे. उतरवताना एक चूक सापडली. पहिला सहगुणक शून्य दिला तरी पोरगी बिनदिक्कत फोड करत बसते! वर्गसमीकरणाच्या व्याख्येतच तो शून्य नसावा अशी अट आहे. तिला कळवले आहे. तिकडे आत्ता रात्र आहे, उत्तर उद्या येईल.