दोष रक्ताचा की दुकानाचा?

व्यसनी बापाचा सोळा वर्षांचा मुलगा प्रथमच पिऊन घरी आला की, ‘बापाच्या वळणावर गेला’ असे म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतात. या उद्गारात सत्याचा अंश नाही असे नाही. डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मद्यासक्त जन्मदात्यांपासून तान्हेपणीच दूर गेलेल्यांपैकी १८ टक्के पुढे मद्यासक्त झाले. इतर दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. आनुवंशिकतेचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु याच पाहणीनुसार पाचांपैकी चारांहून अधिक मुलगे बापाच्या वाटेने गेले नाहीत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. फिनलंडमधील जुळ्यांच्या अभ्यासांतून तर असे दिसले की, कोवळ्या वयात पहिला घोट घेतला जातो की नाही, हे मुख्यतः घर, मित्र व परिसर यांवर ठरते. रक्ताचा वाटा नंतर, सोळा ते अठराच्या दरम्यान वाढत जातो. आणि तोही शहरांत अधिक, खेड्यांत कमी. जेथे दारूची विक्री जास्त, तेथे वारसा अधिक बळावतो.

त्याच फिनलंडने १९६९ च्या आरंभापासून मध्यम तीव्रतेची बीअर किराणा दुकानांत विकू दिली. त्या एका वर्षात देशातील मद्याचा खप ४६ टक्क्यांनी वाढला. एका वर्षात राष्ट्राचे रक्त बदलत नसते. बदलली होती ती बाजारव्यवस्था.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा हा धडा समोर ठेवावयास हवा होता. पंचविशीच्या आतील व्यक्तीस कडक दारू विकू नये, असा राज्याचा कायदा सांगतो. आणि त्याच राज्याच्या तिजोरीला दारूच्या महसुलाची चटक लागलेली आहे. दोष रक्ताचा ठरला की विक्रेता सुटतो आणि शासनही सुटते. अडकतो तो केवळ मुलगा.

व्यसनाचा इतिहास असलेल्या घरातील मुलास कलंक नको, वेळीच आधार हवा. आणि महिलांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहेच. ती कागदावर राहू न देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. जन्म कोणालाच बदलता येत नाही. शाळेच्या वाटेवरचे दुकान मात्र हटवता येते.