'रीसेट मार!'

आपल्या होस्टेलमध्ये कुठल्याही दुखण्यावर एकच औषध : 'रीसेट मार!' नेट चालत नाही? रीसेट. मोबाईल अडकतो? रीसेट. ऑफिसातल्या मॅडमचा मेल हळू उघडतो? 'मॅडम, अकाउंट काढून परत टाका, होऊन जाईल.' हा शेवटचा सल्ला माझाच, म्हणून हा लेख.

मे महिन्यात घरी, आचऱ्याला गेलो होतो. काकांच्या डेस्कटॉपवर मेलचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पर्यटकांच्या खोल्यांची सगळी बुकिंगं त्यातच. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम, अकाउंट उडवतो. बटण दाबणार इतक्यात काका म्हणाले, "रे, पण माझी जुनी मेलां खंय जातली?"

खरं सांगतो, मला उत्तर देता येईना. थर्ड इयरला नेटवर्क्स शिकलेला मी! सेटिंग बघितलं तर अकाउंट 'पॉप'चं, आणि मेल उतरवली की सर्व्हरवरची प्रत पुसायची असं ठरवलेलं. म्हणजे आठ वर्षांचा पत्रव्यवहार फक्त त्या एका हार्ड डिस्कवर! 'आयमॅप' असतं तर मूळ प्रत सर्व्हरवर राहिली असती. रीसेट केल्यावर सगळं परत उतरलं असतं, फार तर आमच्याकडच्या नेटवर एक रात्र गेली असती.

आमच्या गावाला खरं तर हे सांगायला नको. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर. पण गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं बरोबर घेऊन! परत यायचं तेही कौल घेऊनच. आणि मी, त्याच गावचा, बॅकअप न घेता निघालो होतो.

मग प्रोग्रॅम बंद करून आधी त्याचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. इनबॉक्सची फाईल साडेतीन जीबीची निघाली, आणि त्यातली बरीच मेल काकांनी केव्हाच डिलीट केलेली. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये डिलीट केलेल्या मेलवर नुसती खूण होते; फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा मोकळी होते. (आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटी फाईलला तर २ जीबीचीच मर्यादा होती.) ट्रॅश रिकामा केला, कॉम्पॅक्ट केलं, इंडेक्स नव्याने बनवला. प्रोग्रॅम पळायला लागला. अकाउंटला हातही लावावा लागला नाही.

रीसेट वाईट असं माझं म्हणणं नाही. आयमॅप असेल आणि मशिनवरची नक्कल बिघडली असेल, तर तोच सरळ उपाय. पण मेल राहते कुठे हे न विचारता सल्ला देणं म्हणजे रुग्णाला न बघता चिठ्ठी लिहिणं. दुसऱ्याचं मशीन असलं की आपला हात फारच सैल सुटतो, राव.

उद्या ऑफिसात जाणार आहे, सल्ला मागे घ्यायला. मॅडमनी तो अजून ऐकला नसेल तर बरं!