पॉइंट मिळाले, अभिनंदन!

सर्व स्पेशालिस्ट डॉक्टर मित्रमैत्रिणींना,

मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक मेसेज आला. विषय : प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. वेळ : रात्री साडेआठ. खाली लिंक. आणि लिंकच्या खाली, वेबिनार सुरू व्हायला अख्खी दुपार बाकी असताना, शेवटी होणाऱ्या चाचणीची उत्तरं : १-ब, २-ड, ३-अ, ४-ब, ५-क. पाठवणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरने वर प्रेमाने लिहिलं होतं, ‘मॅडम, सर, फक्त लॉगिन करून ठेवा.’ ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. प्रश्न काय होते, हे एकानेही विचारलं नाही.

सीएमईच्या, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या, नावावर काय काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. बॅगा, बुफे, स्टॉलवरची सोडत, उद्घाटनाला तासभर आणि व्याख्यानाला वीस मिनिटं, हे सगळं बोलून बोलून जिभेला घट्टे पडले. या पत्रकाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. स्क्रीन चालू राहिली म्हणजे डॉक्टर शिकला, असं मानून मिनिटांवर पॉइंट वाटणारी ही ऑनलाइन हजेरीची पद्धत बंद झाली पाहिजे.

आधी मागणी किती मोठी आहे ते पाहू. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत पाच वर्षांत किमान ३० तास शिक्षण घ्यावं असं लिहिलंय. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात. ३० तासांची मिनिटं होतात १,८००. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. म्हणजे समाजाने आपल्याकडे दिवसाचं एक मिनिटही मागितलेलं नाही. आणि तेवढंही आपण आवाज बंद करून, फोन ड्रॉवरमध्ये टाकून देतो!

आता त्या रात्रीच्या विषयाकडे या. मी प्रसूतितज्ज्ञ आहे, म्हणून हा विषय मला झोंबला. बाळंतिणीचं रक्त किती गेलं हे आपण कसं ठरवतो? मॉपकडे बघून, चादरीकडे बघून, टबमध्ये रक्त किती आणि गर्भजल किती याचा अंदाज बांधून. मग केसपेपरवर ‘साधारण ३०० मिली’ असं लिहून मोकळे होतो. हा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो, हे पीजीच्या पहिल्या वर्षापासून आपल्याला माहीत आहे. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं. तिथे बाईच्या कमरेखाली मिलीलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, आणि ठरावीक रेघेवर रक्त पोचलं की गर्भाशयाचं मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एका दमात सुरू करायचं ठरवलं. एकामागून एक, वाट बघत नाही. जिथे हे झालं तिथे रक्तस्राव १०० पैकी ९३ जणींत वेळेवर लक्षात आला. जिथे नेहमीसारखंच चाललं होतं तिथे ५१ जणींत. अतितीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

यात नवं औषध एकही नव्हतं. नवी होती ती कामाची रीत. आणि ती रीत कोण राबवतं? रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये सिस्टर असते. आपण घरी असतो, फोन वाजला की निघतो. त्या वेबिनारची लिंक सिस्टरला कुणी पाठवली होती का? पाठवून फायदा काय, तिला थोडेच पॉइंट मिळणार!

वेबिनारच्या चाचणीतला एक प्रश्न मी नंतर पाहिला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किती तासांच्या आत द्यावं? तीन तासांच्या. २०१७ च्या वुमन ट्रायलपासून हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच : तुमच्या लेबर रूममध्ये ते इंजेक्शन कोणत्या कप्प्यात आहे? त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीला कुणाकडे असते? शेवटची एक्सपायरी कुणी तपासली? या प्रश्नांचं ‘ब’ किंवा ‘ड’ असं उत्तर ग्रुपवर फिरवता येत नाही. म्हणून ते विचारले जात नाहीत.

असं बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मॅडमना ऑनलाइनचंच वावडं आहे.’ मुळीच नाही. सिरोंच्याच्या डॉक्टरने दोन तासांच्या व्याख्यानासाठी नागपूर गाठावं असं म्हणणाऱ्याने एकदा स्वतः एसटीने जाऊन यावं. ऑनलाइन शिक्षण किती ताकदीचं असू शकतं याचा दाखला आपल्याच एका भारतीय वंशाच्या डॉक्टरने दिलाय. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हिपॅटायटिस सी चे रुग्ण राज्यभर पसरलेले, उपचार अवघड, तज्ज्ञ मोजके. त्यांनी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. व्याख्यान थोडंसं, बाकी वेळ डॉक्टरांनी आणलेले स्वतःचे रुग्ण. हा माणूस, हे रिपोर्ट, मी हे दिलं, आता अडलंय, सांगा. पुढच्या आठवड्यात त्याच रुग्णाचं काय झालं तेही सांगायचं. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे छापून आले. विद्यापीठाच्या तज्ज्ञ क्लिनिकमध्ये विषाणू हटला ५७.५ टक्के रुग्णांत. खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांच्या हातून ५८.२ टक्के रुग्णांत. तुरुंगातला डॉक्टर तज्ज्ञाच्या बरोबरीने उभा राहिला, तोही स्क्रीनसमोर बसूनच. फरक इतकाच की तिथे त्याला तोंड उघडावं लागत होतं.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये ठिकठिकाणचे कर्करोगतज्ज्ञ ऑनलाइन बसून एकमेकांच्या केसेसवर खल करतात. तंत्र आहे, माणसं आहेत. नाही ती गरज, कारण लॉगिनवर भागतंय.

‘पण वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त चिडवतो, कारण तो अर्धा खरा आहे. ओपीडी, मध्येच सिझर, रात्रीचा कॉल, विमा कंपनीचे फॉर्म, सोनोग्राफीचे फॉर्म. दमलेल्या माणसाला रात्री साडेआठला ५० स्लाइड दाखवल्या तर तो झोपणारच, मीही झोपते. पण वेळ नाही म्हणूनच वेळ मोजणारी पद्धत आपल्या हिताची नाही ना! दीड तास म्यूट ठेवण्याऐवजी २० मिनिटं एका फसलेल्या केसवर बोला आणि फोन ठेवून द्या. कोरड्या व्याख्यानांनी डॉक्टरांचं वागणं बदलत नाही, चर्चा आणि सराव असला तर बदलू शकतं, हे १९९९ मध्येच जामा या नियतकालिकातल्या आढाव्यात मांडलं गेलं. त्याला पाव शतक होऊन गेलं. हाही मुद्दा कदाचित एखाद्या वेबिनारमध्ये सांगून झाला असेल, आपला आवाज बंद होता.

काही ज्येष्ठ म्हणतात, ‘आम्ही तज्ज्ञ, आमची परीक्षा कसली घेता?’ बरं, नाही घेत. मग प्रमाणपत्र कशाला हवं? पॉइंट मागायचे शाळकरी पोरासारखे आणि जाब विचारला की गुरुवर्य व्हायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि ‘फुकट आहे, कुणाचं काय जातं?’ म्हणणाऱ्यांनी फुकटाचा हिशेब एकदा मांडावा. आचारसंहितेच्या २००९ च्या दुरुस्तीने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यावर बंदी आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा भेटींवरचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये औषध विपणनाची नवी संहिता आली आणि परदेशातल्या सीएमईंना मनाई झाली. वेबिनारला मात्र तिकीट लागत नाही, खोली लागत नाही. लागते ती आपली हजेरी, आणि ती भरून द्यायला एमआर तयार आहे. मग कोपऱ्यात दीड तास झळकणारं ब्रँडचं नाव उद्या सकाळी पेनातून उतरतं. त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातात, हे मेडिकलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाळंतिणीच्या नवऱ्याला विचारा.

राहता राहिलं, ‘मग मोजायचं कसं?’ प्रश्न रास्त आहे. मिनिटं मोजणं सोपं, म्हणून ती मोजली जातात. पण केसेसही मोजता येतात. मांडलेल्या केसला पॉइंट द्या. महिन्याभराने तिचा पाठपुरावा सांगितला तर आणखी द्या. लेबर रूममध्ये, आयसीयूत सिस्टरसह सराव केला, त्याची तारीख आणि सह्या दाखवल्या, तर द्या. नुसत्या ऐकलेल्या व्याख्यानाला शून्य. यातही कुणी खोटं करेल? करेलच. पण खोटी केस रचायला निदान पुस्तक उघडावं लागेल.

नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या महिन्यापासून पहिल्या गुरुवारी दुपारी तीन वाजता, ओपीडीच्या मधल्या वेळात, आपण अर्धा तास ऑनलाइन बसू. प्रायोजक नाही, स्लाइड नाही. प्रत्येकाने पाळीपाळीने एक अडलेली किंवा बिघडलेली केस आणायची, पेशंटचं नाव झाकून. रात्रपाळीच्या सिस्टरना सोबत बसवायचं आणि आधी त्यांना बोलू द्यायचं. पहिली केस माझी. लिंक एमआरला पाठवू नका.

पॉइंट मिळणार नाहीत.

तुमच्यातलीच एक,
तालुक्याच्या गावची प्रसूतितज्ज्ञ