कार्यशाळा झाली, फोटो निघाले. चित्रं विकली का?

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तसंच पोस्टर आलं. ‘आदिवासी कलाकारांसाठी दोन दिवसीय ऑनलाइन मार्केटिंग कार्यशाळा. चहा-नाश्ता, भोजन व प्रमाणपत्र.’ खाली ओळीने पाच लोगो. मागे तारपा नाचाचं वारली चित्र. ते कोणी काढलं याचा पोस्टरवर कुठेही उल्लेख नाही. बहुतेक नेटवरूनच उचललेलं असणार.

मला हसू आलं, पण हसायचा हक्क मला नाही. डहाणू, विक्रमगड, जव्हार या भागात अशा चार कार्यशाळांमध्ये मी स्वतः शिकवलंय. मानधन घेऊन शिकवलंय. जाहिरातीचं डिझाइन हा माझा धंदा, म्हणून मला बोलावतात. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते आधी माझ्याच विरुद्ध आहे असं समजा. आयोजकांची नावं मुद्दाम घेत नाही. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता.

पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

आम्ही शिकवतो काय? पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो कसा काढायचा, उजेड कुठून घ्यायचा, इन्स्टाग्रामचं पेज, व्हॉट्सॲप बिझनेस, हॅशटॅग. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बाजारपेठेवर माल कसा चढवायचा, क्यूआर कोड, पॅकिंग आणि ‘आपल्या कलेची गोष्ट ग्राहकाला सांगा’. मग प्रमाणपत्र वाटप, ग्रुप फोटो, अभिप्रायाचा फॉर्म. फॉर्मवर सगळे ‘खूप उपयुक्त’ लिहितात. समोर सर उभे असताना दुसरं काय लिहिणार?

शेवटच्या कार्यशाळेनंतर आठेक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेलो होतो. वर्गात आलेल्या एक मावशी भेटल्या. पन्नाशीच्या पुढच्या. बांबूच्या काडीने अशी बारीक रेघ ओढतात की बघत राहावं. त्यांचं पेज वर्गात मीच उघडून दिलं होतं. मोबाईल काढून बघितलं तर पेजवर तीन पोस्ट, तिन्ही त्या दोन दिवसांतल्याच.

“मावशी, पुढे काही टाकलं नाहीत?”

“सर, ते पोराच्या मोबाईलवर होतं. पोरगा वापीला कंपनीत गेला.”

एक ऑर्डर आली होती म्हणाल्या, पुण्याहून. पंधराशे रुपयांचं चित्र. गिऱ्हाईक इंग्रजीत विचारायचं, पोरगा सुट्टीला आला की उत्तर द्यायचा. मग गिऱ्हाईकाने फ्रेम करून मागितली. फ्रेम डहाणूला जाऊन करून आणली, कुरिअरलाही डहाणूलाच गेल्या. कुरिअरवाल्याने वजनाचे जे पैसे सांगितले ते ऐकून त्या घाबरल्या, पण शब्द दिला होता म्हणून भरले. चित्र काढायला तीन दिवस लागले आणि पाठवायच्या खटपटीत दोन दिवस गेले. फ्रेम, कुरिअर आणि जीपचं भाडं वजा केल्यावर हातात काय उरलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शेवटी म्हणाल्या, “तुमी चांगलं शिकवलं सर. मलाच जमलं नाय.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दोन दिवसांत आम्ही त्यांना फोटोग्राफर, लेखक, हिशेबनीस, पॅकिंगवाला आणि दुकानदार व्हायला सांगितलं. ते झालं नाही तर चूक त्यांची ठरली, आणि तसं त्यांना स्वतःलाही वाटू लागलं. आम्ही मात्र मानधन घेऊन घरी आलो.

आता कुरिअरचंच घ्या. खासगी कुरिअरवाले सहसा फक्त काट्यावरचं वजन धरत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५००० ने भागायचं. फ्रेम केलेलं मध्यम चित्र पॅक केल्यावर समजा ७० बाय ५५ बाय ८ झालं, तर प्रत्यक्षात अडीच किलो असलं तरी पैसे सहा किलोंच्या वर लागतात. तेच चित्र फ्रेमशिवाय गुंडाळून नळीत घातलं तर सव्वा-दीड किलोत भागतं. हे माहीत असलेला माणूस गिऱ्हाईकाला पहिल्याच मेसेजला सांगेल, “फ्रेम तुमच्याकडे करून घ्या.” आमच्या वर्गात हा हिशेब कुणी सांगितला? कुणीच नाही, कारण आम्हालाच तो माहीत नव्हता. आम्ही हॅशटॅग सांगत होतो.

जीएसटीचंही तसंच. ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकायचा तर पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली, पण ती आपल्याच राज्यात माल विकण्यापुरती. त्यासाठीही पोर्टलवर पॅन देऊन वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे डहाणूहून मुंबईला विकलं तर सूट, आणि तलासरीच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर असलेल्या गुजरातमध्ये त्याच बाजारपेठेवरून विकलं तर नाही. आमच्या स्लाइडवर मात्र मोठ्या अक्षरात होतं, ‘आता संपूर्ण भारत तुमची बाजारपेठ!’

सांगायचा मुद्दा एवढाच की विक्री हे वेगळं, पूर्ण वेळेचं काम आहे. ते कलेला चिकटवून देता येत नाही.

आणि हे आपल्याला नवीन नाही. कोल्हापूरकडे गोठ्यातली बाई पहाटे धार काढून दूध डेअरीवर घालते. तिला कुणी ‘दुधाचं ब्रँडिंग’ शिकवत नाही. फॅट मोजणारा वेगळा, टँकर चालवणारा वेगळा, मुंबईत पिशवी विकणारा वेगळा. तिच्या नावावर दूध लागतं आणि पैसे येतात. लिज्जत पापड घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. तिथे पापड लाटणाऱ्या बाईने स्वतःच गिऱ्हाईक शोधायचं असं ठरवलं असतं तर ते काम गिरगावच्या गच्चीवरच थांबलं असतं. तिने पापड उत्तम लाटायचे, पुढचं संस्थेने बघायचं, आणि संस्थेची मालकी मात्र तिचीच. महाराष्ट्राने हे करून दाखवलेलं आहे. कलाकार म्हटला की आपल्याला हे सगळं का विसरायला होतं?

चित्र म्हणजे पापड नव्हे, मान्य. प्रत्येक चित्र वेगळं, प्रत्येक हात वेगळा. पण फोटो, खोकं, बिल, कुरिअर आणि गिऱ्हाईकाला वेळेवर उत्तर या गोष्टी सगळ्या चित्रांना सारख्याच लागतात.

वारलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ही कला मुळात बायकांची. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, त्यात पालघाट देवी, तो मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आणि कापडावर आली आणि शहरात पोचली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगात नाव मिळवून दिलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण वादातीत आहे. पण बाजार आला तसे बाजारात जाणारे बहुतेक पुरुषच होते हेही खरं. आता बाजार मोबाईलमध्ये आलाय आणि घरातला मोबाईल बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. चित्र काढते ती एक, पेज आणि बँक खातं दुसऱ्याच्या नावावर. आमच्या वर्गात नोंदणी करताना ‘मोबाईल असणे आवश्यक’ अशी अट होती. त्या एका अटीने किती बायका दाराबाहेर राहिल्या असतील, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

आणि त्या हॅशटॅगवर आहे तरी काय? ‘वारली’ टाकून शोधून बघा. मशीनवर छापलेल्या चादरी, मग, उशांचे अभ्रे, स्टेन्सिल. शेणा-गेरूच्या कापडावर हाताने तीन दिवस काढलेलं चित्र त्याच रांगेत उभं राहतं आणि किमतीत हरतं. २०१४ साली आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं, ही मोठी गोष्ट झाली. पण मानांकन कागदावर असतं. छापील माल ‘वारली पेंटिंग’ म्हणून विकला जातोय हे रोज बघणार कोण, तक्रार करणार कोण? त्या मावशी? आम्ही तर त्यांना सांगत होतो, “जास्तीत जास्त डिझाइन अपलोड करा.” म्हणजे नक्कल करणाऱ्याला माल आयताच.

काही जण म्हणतील, ऑनलाइनमुळे कितीतरी तरुण कलाकार पुढे आलेत. आलेत ना. मी स्वतः काही ओळखतो. शिकलेला मुलगा, हातात चांगला फोन, इंग्रजीला न घाबरणारा, मुंबईत दोन-चार ओळखी. त्याला भिंती रंगवायची कामं इन्स्टाग्रामवरून मिळतात आणि दलालाला काही द्यावं लागत नाही. जुन्या दलालांनी या भागातून कवडीमोलाने चित्रं नेली हे कुणी विसरू नये. त्या मुलाला कार्यशाळा जरूर द्या, दोन दिवसांची कशाला, दोन महिन्यांची द्या. पण त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना ‘तुम्हीही करा’ म्हणणं म्हणजे गावातला एक पोरगा कलेक्टर झाला म्हणून शाळेला मास्तर द्यायचाच नाही, असं झालं.

मग कार्यशाळाच का होतात? कारण त्या मोजता येतात. चाळीस जण आले, चाळीस प्रमाणपत्रं, फोटो, खर्चाचा दाखला. माझ्या चारपैकी तीन कार्यशाळा मार्च महिन्यात झाल्या. निधी संपवायचा असतो. त्या काळात निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो, हे स्थानिक माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

नुसती टीका करून मोकळं व्हायचं नाही, म्हणून मला काय हवं ते लिहितो.

एक, चार कार्यशाळांच्या पैशात तालुक्याला एक पगारी माणूस ठेवा. शक्य तर त्याच भागातली शिकलेली मुलगी. फोटो, मजकूर, गिऱ्हाईकाला उत्तर, पॅकिंग, बिल, नोंदणी हे तिचं काम. डहाणूत एक खोली, एक काटा, खोकी आणि नळ्यांचा साठा. फार मोठा खर्च नाही हो.

दोन, खातं कलाकारांच्या गटाचं असावं, संस्थेचं नाही. प्रत्येक चित्राखाली काढणारीचं नाव, आणि पैसे तिच्याच बँक खात्यात. कितीला विकलं, कितीचा खर्च वजा केला, हे महिन्याच्या महिन्याला भिंतीवर लिहून लावायचं. सहकारात काय काय होतं ते आपण बघितलंय, म्हणून हे पहिल्या दिवसापासून.

तीन, मोजायचंच असेल तर वेगळं मोजा. किती जण शिकले ते नको. सहा महिन्यांनी किती जणींच्या खात्यात चित्राचे पैसे आले, तेवढं सांगा. आकडा लहान येईल, येऊ द्या. निदान खरा असेल.

चार, शिकवायचंच असेल तर कलाकाराला किंमत ठरवायला शिकवा, नाही म्हणायला शिकवा, आणि आपल्या चित्रावर कायद्याने आपलाच हक्क असतो हे सांगा. हे कामाचं आहे आणि याला इंटरनेट लागत नाही.

त्या पोस्टरवाल्यांनी मलाही विचारलं होतं, याल का शिकवायला. मी कळवलंय की मानधन नको, पण त्याआधी मागच्या कार्यशाळेतल्या चाळीस जणांकडे एक फेरी मारू आणि कुणाचं काय झालं ते विचारू. अजून उत्तर आलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा कार्यशाळा भरवत असाल किंवा त्यासाठी पैसे देत असाल, तर एवढी एक फेरी मारा. आणि कुणी कलाकार हे वाचत असेल तर कमेंटमध्ये मोकळेपणाने लिहा, कार्यशाळेनंतर तुमचं किती विकलं गेलं. आकडा शून्य असला तरी लिहा. त्यात लाज वाटायची असेल तर ती आम्हा शिकवणाऱ्यांना वाटू द्या.